तीन पायांच्या भांड्याचं बोलावणं

चीनहून आलेल्या प्राचीन वस्तूंना यंदा पुण्यात माणसं बघायची होती, आणि त्यांतल्या काशाच्या एका तीन पायांच्या भांड्याने बार्शीच्या शोभनाबाई नान्नजकरांना बोलावलं होतं.

इतकी वर्षं लोकांनी वस्तू बघितल्या, आता वस्तूंनी लोक बघायचे, असं वरच्या पातळीवर ठरलं होतं. निवडलेली माणसं संग्रहालयात काचेच्या कपाटांमध्ये उभी राहणार आणि वस्तू ढकलगाडीवरून एकेक करून त्यांच्यापुढे येणार. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. बार्शीत चार बायकांनी ‘हिलाच का म्हणून?’ एवढं मात्र विचारलं, पण ते कुठल्याही गावात विचारलंच असतं.

शोभनाबाईंचे यजमान रमाकांतराव बाजार समितीतून निवृत्त झालेले. बोलावणं आलं त्याच दिवशी त्यांनी सहलीचा पक्का बेत आखला. शनिवारी पहाटेच्या एसटीने पुणं गाठायचं. हिला संग्रहालयात सोडायचं, आपण कोथरूडला ताईकडे जेवून निवांत मॅच बघायची. संध्याकाळी हिला घेऊन तुळशीबाग, रविवारी पर्वती, येताना बाकरवडी. लग्न झाल्यापासून दोघं मिळून सहलीला म्हणून कुठे गेलेले नव्हते. दरवेळी काही ना काही आडवं यायचं, आणि खरं सांगायचं तर बरेचदा रमाकांतरावच आडवे यायचे.

“दिवसभर उभं राहायला जमेल ना गं?” त्यांनी विचारलं.

“इतकी वर्षं काय बसून होते?” शोभनाबाई म्हणाल्या आणि बॅग भरायला गेल्या.

संग्रहालयात श्रीमती टिपणीस नावाच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी शोभनाबाईंच्या कपाटावर लावायची पाटी लिहायला घेतली. नाव झालं, सापडल्याचं ठिकाण बार्शी झालं.

“उपयोग?” टिपणीसबाईंनी विचारलं.

“घरातलं सगळं हीच करते,” रमाकांतरावांनी उत्तर दिलं.

टिपणीसबाईंनी लिहिलं, ‘घरगुती वापर.’

“मी काय खलबत्ता आहे का?” शोभनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. पण वेळ झाली होती. पदर सारखा करून त्या आत गेल्या आणि रमाकांतराव रिक्षा शोधायला बाहेर पडले.

संध्याकाळी सहा वाजता ते परत आले, तर टिपणीसबाई दारातच उभ्या.

“भांड्याने त्यांना उद्याही बोलावलंय. आज मुक्काम इथेच. तिसऱ्यांदा बोलावलं, तर वस्तूंबरोबर पुढच्या गावी जायचं असतं. अर्थात त्यांची इच्छा असेल तर.”

“तिची कसली इच्छा? मी सांगतो ना, उद्या आम्ही घरी चाललोय.”

“आम्ही त्यांनाच विचारतो. तसा नियम आहे.”

रमाकांतराव फणफणतच ताईकडे गेले. सिंधूताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिने निमूटपणे सगळं ऐकून घेतलं, पानात गरम पोळी वाढली आणि विचारलं, “शोभना दिसत कशी होती रे तिथे? कुठली साडी नेसली होती?”

रमाकांतरावांनी घास तोंडात घातला. पाच तास एसटीत ते तिच्या शेजारी बसले होते. तिच्या हातचे दशमी-चटणीचे घास खाल्ले होते, तिच्या खांद्यावर डोकं टेकून टेंभुर्णीपासून झोपही काढली होती.

“अरे, रंग तरी सांग.”

“रंग... साडीसारखाच होता,” ते म्हणाले.

सिंधूताई तूप आणायला आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रमाकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि जेवण तसंच राहिलं.

रविवारी दार उघडायच्या आधीच ते संग्रहालयापुढे जाऊन उभे राहिले. “मला माझ्या बायकोला बघायचंय.”

“माणसांना आत प्रवेश नाही,” टिपणीसबाई म्हणाल्या. “आणि बघायचं होतं तर घरी होत्याच की त्या.”

 रमाकांतराव म्हणजे बाजार समितीत भल्याभल्यांना गप्प बसवणारा माणूस! पण आता खाली मान घालून ते तिथेच उभे राहिले. त्यांच्या बाजूने वस्तूंची रांग आत सरकत होती. मातीचा घोडा गेला, जेडचा पेला गेला.

“वस्तू म्हणून सोडा,” ते एकदम म्हणाले.

टिपणीसबाईंनी चष्मा वर केला. “तशी नोंद करता येते. पण मग नियमही वस्तूंचेच लागू होतील.”

“होऊ देत.”

“उपयोग?”

“निवृत्त आहे.”

टिपणीसबाईंनी लिहिलं, ‘सध्या वापरात नाही.’ रमाकांतरावांना ढकलगाडीवर बसवलं, घसरू नयेत म्हणून पोटाला पट्टा बांधला आणि मातीच्या एका बदकामागे रांगेत लावलं.

त्यांची पाळी आली तेव्हा तीन पायांचं भांडं नुकतंच पुढे गेलं होतं. शोभनाबाई काचेमागे ताठ उभ्या होत्या. त्यांनी रमाकांतरावांना पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. कपाटातल्या माणसांनी ती दाखवायची नसते.

साडी जांभळ्या रंगाची होती, बारीक मोरपंखी काठाची. भांगातले केस पुरते पांढरे झाले होते. त्या सगळा भार डाव्या पायावर टाकून उभ्या होत्या, म्हणजे उजवा गुडघा दुखत असणार. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. तो केव्हाचा, हे रमाकांतरावांना माहीत नव्हतं. त्यांना फार लाज वाटली, आणि लाज वाटता वाटताच ती बाई त्यांना फार आवडली. डोळे भरून आले. पण वस्तूंनी रडायचं नसतं, म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला.

“झालं, चला,” म्हणत गाडीवाल्याने गाडी ढकलली.

“पुन्हा रांगेत लाव बाबा. शेवटी लाव, चालेल.”

असं करत ते दिवसभर शोभनाबाईंसमोरून जात राहिले. गाडी दूर जाऊ लागली की मान वळवून बघत राहायचे. दुपारनंतर एकदा शोभनाबाईंनी नियम मोडून किंचित मान हलवली. ती ‘हो’ची होती की ‘नको’ची, ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी भांड्याने तिसऱ्यांदा बोलावलं. टिपणीसबाईंनी कपाट उघडून शोभनाबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “येणार का पुढे, नागपूरला? की बार्शीला जायचंय? सावकाश सांगा, घाई नाही.”

शोभनाबाई गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, “असं आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.” पाण्याचा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “जाते नागपूरला.”

पलीकडे वस्तू पेट्यांत भरायचं काम सुरू होतं. गाडीवाल्याने रमाकांतरावांच्या पोटाचा पट्टा सोडला आणि त्यांना गवत अंथरलेल्या एका पेटीपाशी आणलं.

“आणि माझं काय?” रमाकांतरावांनी विचारलं. “मला काय करायचंय, ते कुणी विचारलंच नाही.”

“तुमची नोंद वस्तू म्हणून आहे,” टिपणीसबाई शांतपणे म्हणाल्या. “वस्तूंना विचारत नाहीत.”

रमाकांतरावांनी एकवार शोभनाबाईंकडे पाहिलं. त्या पाणी पीत होत्या. मग ते पेटीत उतरले, पाय पोटाशी घेतले आणि शेजारच्या बदकाला धक्का लागू नये म्हणून मधे थोडं गवत सरकवलं.