पडद्यांखालचा मासा

ओस्मोला मासेमारीचा शौक नव्हता. तसा त्याला कशाचाच शौक नव्हता. सगळे शौक त्याने निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवले होते. नगरपालिकेच्या हीटिंग खात्यात तो टेलिफोनवर तक्रारी घ्यायचा, आणि फिनलंडच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या त्या गावात हिवाळा म्हणजे तक्रारींचा सुगीचा हंगाम. "आमचा रेडिएटर गार पडलाय" हे वाक्य तो दिवसभर इतक्या आवाजांत ऐकायचा, की घरी आल्यावर बायको नुसतं "आज गार आहे ना?" म्हणाली तरी त्याच्या तोंडून निघायचं, "पत्ता सांगा."

असा माणूस फेब्रुवारीतल्या शनिवारी गोठलेल्या सरोवरावर जाऊन बसला, त्याला कारण त्याचे सासरे.

सासू गेल्यावर शरद ऋतूत विल्होबाबा लेकीकडे, हेल्वीकडे, राहायला आले. उभा जन्म लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस, पण आल्यापासून खिडकीशी खुर्ची धरून बसला तो बसलाच. खाणं तर चिमणीचं. हेल्वीने गोळ्यांची आमटी केली, कोबीची भाजी केली, दुधातला भात केला. म्हातारा दोन चमचे खायचा, "छान झालंय" म्हणायचा आणि वाडगा पुढे सरकवायचा. "वाईट झालंय" म्हणाले असते तर हेल्वीला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

एका संध्याकाळी ओस्मो त्यांना पांघरूण घालत होता. बाबांनी कवळी काढून पेल्यात ठेवली होती. छताकडे बघत ते पुटपुटले. ओस्मोला ऐकू आलं, "मादेचं सूप खावंसं वाटतं."

चार महिन्यांत माणसाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. ओस्मोला एकदम भरून आलं आणि तो बोलून गेला, "शनिवारी करू की." (दुकानातून आणू, असं त्याच्या मनात होतं.)

दुकानात मादे नव्हता. मासेवाल्या बाईंनी तर त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने अर्धा किलो कावळा मागितला. हा मासा सरोवराच्या तळाशी असतो, पण मुद्दाम त्याच्या वाटेला कोणी जात नाही. डोकं बेडकाचं, अंग वामाचं, वरून बुळबुळीत, आणि हनुवटीला लोंबणारी एकच मिशी. सरोवरावर जाणारा प्रत्येक जण देखण्या, रुबाबदार माशांच्या मागे. चुकून मादे लागला, तर लोक आजूबाजूला कोणी बघत नाही ना हे पाहून तो परत सोडतात.

वरच्या मजल्यावरच्या काउकोने तेच सांगितलं. मग भरपूर हसून घेतलं आणि बर्फाला भोक पाडायचा गिरमिट, ढकलगाडी, गळ आणि आमिषाला मेलेले बारके मासे दिले. गळ अगदी तळाला टेकव, उजेड सरेपर्यंत थांब आणि मासा वर आला की डोक्यात दांडका घाल, एवढं त्याने बजावलं. दांडकाही दिला.

सरोवरावर ओस्मोने गिरमिट फिरवायला घेतला. फिरव फिरव फिरवला. पाठीला घाम सुटला, पण भोक काही पडेना. बर्फ मात्र आरशासारखा चकचकीत झाला. स्कीवरून चाललेली एक म्हातारी थांबली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "उलटा फिरवतोयस, बाळा." (बाळाचं वय बावन्न.)

भोक पडल्यावर तो बादली पालथी घालून त्यावर बसला. थंडी आधी बुटात शिरली, मग गुडघ्यात, मग विचारांत. त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या गारठ्याच्या तक्रारी ऐकल्या आणि आज आपण गारठलो, तर फोन करायला खातं नाही. घरी जावं, बाबांना सांगावं की सरोवरात मादे संपले. तो उठलाही. पण मग त्याला सरकवलेला वाडगा दिसला आणि तो पुन्हा खाली बसला.

उजेड निळा पडत आला तशी दोरी जड झाली. ओढता ओढता त्याला वाटलं, कुणाचा तरी ओला ओव्हरकोट लागलाय. भोकातून आधी ते बेडकाचं डोकं वर आलं आणि पाठोपाठ हातभर अंग. बाहेर येताच माशाने ओस्मोच्या मनगटाला असा विळखा घातला, जणू बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटलं. ओस्मोने दांडका उचलला. माशाने त्याच्याकडे पाहिलं. ओस्मोने दांडका खाली ठेवला. गळ कसाबसा सोडवून त्याने मासा ढकलगाडीवर ठेवला आणि त्या कडाक्यात तो आपसूक लाकडासारखा ताठ झाला. सुटलो, असं ओस्मोला वाटलं. माशाला काय वाटलं, ते पुढे कळलं.

घरी आला तेव्हा हेल्वी बाजारात गेली होती आणि बाबा खोलीत डुलकी घेत होते. न्हाणीघरातल्या टबात पाणी दिसलं. त्याने मासा त्यात सोडला, सोफ्यावर टेकला आणि बुटांसकट झोपला. टबातल्या त्या गार पाण्यात हेल्वीने बैठकीचे तपकिरी पडदे भिजत घातले होते, हे त्याला दिसलं. पण दिसलेली गोष्ट लक्षात यायला अंगात थोडी धुगधुगी लागते.

हेल्वी परतली, तिने नवऱ्याला पाहिलं आणि हा रिकाम्या हाताने आलेला दिसतोय, बिचाऱ्याला झोपू दे, म्हणून त्याच्यावर शाल टाकली. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तेवढ्यात बाबा न्हाणीघरातून आले आणि दारात उभे राहिले.

"टबात मासा आहे," ते म्हणाले.

हेल्वी जाऊन बघून आली. "बाबा, ते पडदे आहेत."

"पडद्यांखाली आहे. माझ्याकडे बघत होता."

"कसा दिसतो?" तिने हळूच विचारलं.

"हनुवटीला एकच मिशी. तुझ्या आत्यासारखा."

शेजारच्या एका आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी फडताळात मांजरं दिसायला लागली, आणि वर्षाच्या आत त्यांना वृद्धाश्रमात न्यावं लागलं. तिने बाबांना त्यांच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं, दार लोटून घेतलं आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या इर्या सिस्टरना फोन लावला.

सिस्टर सपाता घालूनच खाली आल्या. त्यांनी बाबांची नाडी पाहिली, मग गोड आवाजात वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं बिनचूक सांगितलं आणि वर म्हणाले, "आणि टबात मासा आहे." सिस्टरनी हेल्वीकडे पाहिलं. हेल्वीने डोळ्याला पदर लावावा तसा अ‍ॅप्रन लावला.

या कुजबुजीने ओस्मो जागा झाला. अंगावर शाल, पायात बूट, केस उभे, अशा अवतारात तो थेट न्हाणीघरात गेला. आतून पाण्याचा आवाज आला, आणि मग त्याचा स्वर, "हेल्वी, मी इथे मादे ठेवला होता, तो कुठे गेला?"

मग हेल्वी पलंगाच्या कडेवर मटकन बसली, आणि ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळेना. सिस्टर मात्र कर्तव्याला चुकल्या नाहीत. त्यांनी दारातच ओस्मोला थांबवून आजचा वार विचारला. ओस्मोने विचार केला. "गुरुवार," तो म्हणाला. शंभरातून सात गेले तर किती, हे त्यांनी मग विचारलंच नाही.

पाण्यात पुन्हा जिवंत झालेला मासा पडद्यातून बाहेर काढायला दोघंजणं लागली. दांडका अखेर सिस्टरनी चालवला. मासा ओट्यावर आला आणि ओस्मो हातात सुरी घेऊन, कुठून सुरुवात करावी म्हणून त्याच्याभोवती हिंडू लागला.

बाबा दारात येऊन उभे होते. आता तोंडात कवळी होती आणि शब्द स्वच्छ येत होते. "हा कशाला आणला?"

"तुम्हीच म्हणालात ना, मादेचं सूप."

बाबांनी डोळे मिटले, उघडले. "माइतो म्हणालो मी. दुधाचं सूप. हिची आई करायची, दूध आणि चार भाज्या. मादे कोण खातं?"

ओस्मोने फ्रीजकडे पाहिलं. फ्रीजमध्ये दूध होतं. कालही होतं, परवाही होतं. त्याने सुरी ठेवली आणि स्टुलावर बसला. त्याच्या ओल्या बाहीवर अजून मादेचा चिकटा होता. हेल्वीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा थोडा वेळ जावयाकडे पाहत राहिले. मग कोटाच्या बाह्या सरसावत पुढे आले. "तुझं ते सुरी धरणं बघवत नाही," ते म्हणाले आणि त्याला बाजूला सारून ओट्याशी उभे राहिले. डोक्यामागे एक गोल काप दिला, फडक्याने कातडी धरली आणि पायातला मोजा काढावा तशी ती एका ओढीत उतरवली. मग हेल्वीला कांदा चिरायला लावला, बटाट्याचे तुकडे मोठे झाले म्हणून ओरडले, आणि शेवटी भांड्यात दूध ओतताना म्हणाले, "दूध ह्यातही पडतंच म्हणा."

सिस्टर जेवायला थांबल्या. बाबांनी एक वाडगा संपवला आणि न बोलता पुढे सरकवला. हेल्वीचा चेहरा पडला.

"बघतेस काय? वाढ," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी ओस्मो सोफ्यावर उशी ठेवून शाल शोधत होता, तर बाबा कानटोपी घालून दाराशी उभे. त्यानंतर हिवाळाभर एकही शनिवार चुकला नाही. बाबा बर्फावर ताठ बसत, एकामागून एक मादे वर काढत, आणि ओस्मो गिरमिट फिरवून झाला की शेजारी ढकलगाडीवर अंगाचं मुटकुळं करून डुलक्या काढी.

एकदा काउको तिकडून चालला होता. ओस्मोला पाहून त्याने बाबांना विचारलं, जावयाला मासेमारी शिकवताय वाटतं?

"छे रे," बाबा दोरीवरची नजर न हलवता म्हणाले. "हेल्वी बाजारात जाते. ह्याला एकट्याला घरात ठेवायचा धीर होत नाही तिला."