सूर्यभाननं वाट अडवली

तार काढायचं सूर्यभानच्या मनात आलं ते शनिवारी सकाळी, चहा पिता पिता. चहा बरा झाला होता, अंगात थोडी तरतरी आली होती, आणि बायको, रतनबाई, शेळ्या घेऊन रानात गेली होती. (सूर्यभाननं आजवर जी काही मोठी कामं काढली ती रतनबाई बाहेर असतानाच काढली. ती घरी आली की कामं थांबतात.)

तार म्हणजे बांधावरचं जुनं काटेरी कुंपण. तिसगावच्या अलीकडं सूर्यभानची वस्ती, तिच्या पुढं कृपादानची, आणि दोन्हींना जायला एकच पाणंद. तीही अशी अरुंद की एक बैलगाडी कशीबशी जावी, आणि समोरून दुसरी आलीच तर दोघांनी खाली उतरून आधी तंबाखू मळावी. या पाणंदीच्या कडेनं सूर्यभाननं तरुणपणी हौसेनं तार ओढली होती. पुढं खांब कलले, तार गंजली, तिच्यात वेडी बाभूळ शिरली, बाभळीत बोर घुसली, वरून वेल पसरले, आणि शेवटी तार कुठं संपते नि झाड कुठं सुरू होतं हे देवालाही सांगता आलं नसतं. भंगारवाला एकदा बघून गेला होता.

"बाबा, नुसती तार काढून ठेवा, नेतो," तो म्हणाला.

"काढता आली आस्ती तर तुला कशाला बोलावलं आस्तं," सूर्यभान म्हणाला.

भंगारवाल्यानं एक फांदी ओढून बघितली, बोट चोखलं आणि निघून गेला.

आता हे सगळं एवढी वर्षं चाललं होतं, तर त्याच शनिवारी काय बिघडलं होतं? तर दुसऱ्या दिवशी, रविवारी चर्च सुटल्यावर, कृपादानच्या नातीला, एंजलला, बघायला नगरचे पाहुणे येणार होते. पाहुण्यांची गाडी नवी कोरी होती म्हणे. सूर्यभानच्या मनात आलं, आपल्या तारेनं त्या गाडीला ओरखडे पडले, पाहुण्याचं तोंड वाकडं झालं आणि पोरीचं जमायचं फिसकटलं तर काय घ्या. कृपादान आणि तो एका विहिरीत पोहायला शिकलेले. रोज संध्याकाळी कृपादानच्या ओट्यावर बसून चहा घेतल्याशिवाय सूर्यभानचा दिवस मावळत नसे. मनातलं बोलायला त्याला रतनबाईनंतर हा एकच माणूस होता. (रतनबाईशी बोलायचं नसतं, तिचं ऐकायचं असतं, तेव्हा खरं तर पहिलाच.)

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? उद्या येता-जाता दिसेलच की.

दुपारपर्यंत तो जाळीत कोयता मारत राहिला. हातापायांवर ओरखडे आले, सदऱ्याची बाही जाळीतच राहिली, आणि जाळी होती तशीच होती. मग त्यानं बैल आणले, साखळी एका जाड बाभळीला अडकवली आणि बैलांना हाक दिली. एकदम करकर आवाज झाला आणि अर्धा बांध उपसून यावा तसं तार, काटे, दोन खांब नि एक जुनी चप्पल असं भलंथोरलं भेंडोळं बाहेर आलं. ते सरळ पाणंदीत उतरलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत गच्च बसलं, आणि तिथंच राहिलं. तारेचं दुसरं टोक अजून शेवटच्या खांबाला धरून होतं. बैलांनी मागं वळून बघितलं. मग एकाच्या खुराला काटा लागला आणि दोघांनीही काम सोडल्याचं जाहीर केलं.

सूर्यभाननं पुन्हा जोर लावला. या वेळी भेंडोळं नाही हललं, कंबर हलली.

तो तसाच वाकून बांधापलीकडच्या लिंबाखाली गेला आणि पडला. मनाशी म्हणाला, घटकाभर पाठ टेकू, मग बघू.

चूक झाली ती इथं. आमच्या भागात पाटीबिटी कुणी लावत नाही. वाटेवर काटे आडवे टाकले की त्याचा अर्थ एकच, वाट बंद. ज्याला जायचं असेल त्यानं कोर्टात जावं. हे लहान लेकराला कळतं. आणि त्या काट्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो, कारण हात लावला की तो माणूस भांडणात आला.

सूर्यभान जागा झाला तेव्हा डोक्याशी रतनबाई उभी होती.

"काय केलं हे?"

"तार काढली."

"कृपादानभावजींचं आन तुमचं कशावरनं वाजलं?"

"कुठं काय वाजलं?"

"मग वाट का बंद केली? उद्या त्यांच्यात पाव्हनं यायचं, आन तुमी आज काटे टाकता? भिकूच्या मळ्यापर्यंत गेलीय बातमी. मला शेळ्यांमागं चार बायांनी इचारलं."

"आगं, पाव्हन्यांसाठीच काढली."

"व्हय, ते दिसतंय."

"फोन लाव कृपादानला. भिंगारला गेलाय तो बहिनीकडं."

"काय सांगू फोनवर? काटे टाकलेत पन तसं न्हाई म्हनून?"

सूर्यभान काठीसाठी हात लांबवत उठायला गेला. कंबरेतून कळ आली आणि तो परत आडवा झाला.

एवढ्यात बन्सी आला. बन्सी म्हणजे अशा माणसांपैकी, की ज्यांचे सगळ्या शेजाऱ्यांशी वाटेवरून दावे चालू असतात. त्यानं भेंडोळ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि खुशीत मान हलवली.

"काम झ्याक केलंस बघ. मला वाटायचं तू निस्ता गरीब. पन मनात धरून ठिवनारा निघालास."

"बन्सी, माझं ऐक. कंबर धरलीय माझी. जरा हात लाव ह्याला."

"आरं, सांगायचं काम न्हाई. आपलाच हाय तू."

तो गेला आणि तासाभरात बैलगाडी घेऊन परत आला. गाडीत बोरीच्या काट्यांचा ढीग होता. सूर्यभान "आरं, आरं" करत उठेपर्यंत बन्सीनं तो भेंडोळ्यावर नीट रचला, वरून पायानं दाबला आणि हात झटकले.

"आता कुत्रं जायचं न्हाई. आन उद्या काय बोलायचं ते मी बोलतो, तू गप बस."

(एवढ्या वर्षांत सूर्यभानला कामात कुणी आपणहून मदत केली ती ही एवढीच.)

सूर्यभाननं काठी घेतली आणि तो ओढ्याच्या अंगानं लांबच्या वाटेनं कृपादानच्या घरी गेला. कृपादान आला नव्हता. त्याची बायको एलिझाबेथ ओटा सारवत होती. ती पूर्वी अंगणवाडीत शिकवायची, त्यामुळं रागावली तरी बोलणं शुद्धच. एरवी ती त्याला भाऊजी म्हणायची आणि कानतुटक्या स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची. आज तिनं सतरंजी टाकली.

"बसा, सूर्यभानराव."

रावाबरोबर सूर्यभानचं अवसान गळालं. थोड्या वेळानं चहा आला तो कपबशीतून. सोबत चार बिस्किटं, ताटलीत.

"वैनी, ते काटे मी..."

"असू द्या. बांध तुमचा, काटे तुमचे. आम्ही ओढ्यानं जाऊ. पाहुण्यांना चपला हातात घ्यायला सांगू."

"तसं न्हाई वो. मी तर उलट..."

"काल उपवास-प्रार्थनेत मी तुमच्या गुडघ्यांसाठी विनंती केली होती. आज कंबरेसाठीही करते. बिस्किट घ्या."

सूर्यभाननं बिस्किट घेतलं. ते चहात बुडवताना तुटून पडलं आणि त्याला ते बोटानं काढायचीही हिंमत झाली नाही. पाहुण्यानं बशीत बोट घालायचं नसतं.

परत येताना ओढ्यात कृपादान भेटला. डोक्यावर पाहुण्यांसाठी आणलेल्या सामानाची पिशवी, एका हातात चपला, पाण्यात घोट्याएवढा. सूर्यभान थांबला. कृपादानही थांबला. कृपादान असा माणूस, की त्याला राग आला की तो आणखी हळू बोलतो.

"सूर्यभान, काय चुकलं आसंल तर सांगायचं हुतं," एवढंच तो म्हणाला आणि पुढं गेला.

सूर्यभानला खूप काही सांगायचं होतं. पण पाण्यात उभं राहून, कंबर धरून, मागून पाठमोऱ्या माणसाला काय सांगणार. तो घरी आला आणि जेवला नाही. रतनबाईनंही त्याला जेव म्हटलं नाही, म्हणजे प्रकरण किती थराला गेलं होतं बघा.

रविवारी सकाळी पाणंदीत ही गर्दी. तंटामुक्तीचा अध्यक्ष वाल्मिक खुर्ची घेऊन आला होता. गावात बऱ्याच दिवसांत तंटा झाला नव्हता, त्यामुळं तो दाढी करून आला होता. भेंडोळ्याच्या या बाजूला सूर्यभान, त्या बाजूला कृपादान, मध्ये काटे. कृपादानच्या अंगात चर्चचे कपडे होते.

"बोल सूर्यभान," वाल्मिक म्हणाला. "काय मागनी हाय तुझी?"

"माझी काय मागनी न्हाई. ही तार कुनीतरी न्या."

"म्हंजे तार नेली की वाट सोडनार?"

"वाट मी धरलीच न्हाई."

"आसं तुटक बोलून मिटत न्हाई. काय पायजे ते मोकळ्या मनानं सांग."

"त्याला पानी पायजे," बन्सी मागून म्हणाला. "इहिरीच्या पाळीवरनं हाय हे. मला ठावं हाय."

"आरं, कसली पाळी," सूर्यभान म्हणाला. "मी ही तार काढली ती नव्या गाडीला वरखडं पडाया नको म्हनून. पाव्हन्यांच्या. एंजलच्या. काढता काढता हितं आडकली. मला वडवंना, म्हनून मी झोपलो. झालं."

 मग कुणीतरी हसलं. वाल्मिकनं खुर्ची पुढं सरकवली.

"हे बघ, तुझं वय झालंय, मी मान देतो. पन दुसऱ्याच्या गाडीला वरखडा पडंल म्हनून कंबर मोडून घेनारा मानूस मी तरी बघितला न्हाई. खरं कारन सांग."

"हेच खरं हाय," काट्यांपलीकडून कृपादान म्हणाला.

"तुमी कशावरनं म्हनता?"

"मी वळकतो ना त्याला. रचून सांगायचं म्हटलं तर ह्याच्यापेक्षा बरं काही रचलं आस्तं. आन तेवढं डोकं त्याला न्हाई."

सूर्यभानला लई बरं वाटलं. इतक्या लोकांत आपली बाजू कुणी इतक्या ठामपणे घेतलेली त्याला आठवत नव्हती.

कृपादाननं चर्चच्या कपड्यांच्या बाह्या वर केल्या आणि बाभळीच्या फांदीला हात घातला. पलीकडचा माणूसच हात घालतोय म्हटल्यावर मग सगळ्यांनीच घातला. भेंडोळं हललं. सूर्यभान म्हणाला, "आता येवढं खाली ओढ्याच्या खड्ड्यात ढकला, म्हंजे सुटलो."

"थांबा," वाल्मिक म्हणाला. "तंटा मिटला म्हंजे जैसे थे. जे जिथं हुतं ते तिथं गेलं पायजे. उद्या कुनी म्हनंल, कुंपन काढून बांध कोरला. कुंपन बांधावर."

"आरं, मला नकोय ते."

"तुझ्या हिताचंच हाय. तुला नंतर कळंल."

आणि मग गावानं असं काम केलं, की सूर्यभाननं तरुणपणीही केलं नव्हतं. कुणी खांब सरळ केले, कुणी पक्कड आणून तार पिळली, बन्सीनं आपल्या बोरीचे काटे मोकळ्या जागांत कोंबले, कारण तेही आता तिथलेच झाले होते. जुनी चप्पलसुद्धा परत जाळीत घातली. तास-दीड तासात कुंपण उभं राहिलं, नव्यासारखं ताठ, पहिल्यापेक्षा हातभर जाड. वाल्मिकनं दोघांना कुंपणापुढं उभं करून हातात हात देऊन फोटो काढला.

पाहुण्यांची गाडी आली. ड्रायव्हरनं आरसे मिटून, दोघांना पुढं चालायला लावून ती सुईत दोरा ओवावा तशी आत नेली. पोरगी पसंत पडली. संध्याकाळी सूर्यभान ओट्यावर गेला तेव्हा एलिझाबेथनं "या भाऊजी" म्हणून कानतुटका पेला पुढं केला. सूर्यभाननं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसताच धरून बसला.

"लगीन मे महिन्यात," कृपादान म्हणाला. "बस करनार हायेत ते. मोठी."

"चांगलं हाय."

"बस काय तुझ्या कुंपनाजवळनं निघायची न्हाई."

सूर्यभाननं पेला खाली ठेवला.

"ते आता माझं न्हाई. जैसे थे हाय ते. वाल्मिकला इचारावं लागंल."

विचारलं. वाल्मिक म्हणाला, मिटलेल्या तंट्याला हात लावता येत नाही. नवा तंटा असेल तर समिती बसेल आणि नवा निकाल देईल. तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी ठरवलं, की भांडायचं. सूर्यभाननं दोन दिवस मागून घेतले, कारण उभं राहून भांडण्याइतकी कंबर अजून सरळ होत नव्हती.

ठरल्या दिवशी समिती बसली. कृपादाननं घरून पाठ करून आणलं होतं. तो उभा राहिला आणि त्याच्या हळू आवाजात म्हणाला, "ह्या मानसाच्या कुंपनानं माझी वाट अडली हाय. ह्याला लाज वाटली पायजे."

आता सूर्यभाननं उसळून उठायचं होतं. तसं ठरलं होतं. तो उठलाही, पण लग्न झाल्यापासून, समोरचं माणूस असं बोललं की त्याच्या तोंडून जे निघत आलं आहे तेच निघालं.

"चूक माझीच हाय," तो म्हणाला.

समितीनं टाळ्या वाजवल्या. वाल्मिकनं तंटा जागच्या जागी मिटल्याचं जाहीर केलं, जैसे थे कायम केलं आणि सूर्यभानला समजूतदारपणाबद्दल नारळ दिला.

तो घरी आला, नारळ रतनबाईजवळ ठेवला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मिटलं," सूर्यभान म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.