ब्रोन्याकाकूंच्या टबातले सात मासे

पोलंडमधल्या वूच शहरातल्या त्या चार मजली इमारतीत डिसेंबर आला की दोन ऋतू एकदम नांदायचे. तळमजल्यावर झेनोनराव खिडकी सताड उघडी टाकून बनियनवर बसलेले आणि चौथ्या मजल्यावर ब्रोन्याकाकू ओव्हरकोट घालून सूप ढवळतायत! तळघरात एकच जुनापुराणा बॉयलर. त्याचं गरम पाणी पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये फिरायचं, पण काकूंकडे पोचेपर्यंत त्यात काही राम उरायचा नाही.

त्यातच काकूंच्या मुलाचा, रिशार्डचा, फोन आला. "आई, नाताळच्या आदल्या संध्याकाळी येतोय. घर असंच गार असेल तर तुला घेऊनच जाणार. बास झालं!"

"चाळीस वर्षं काढलीत रे मी इथं," ओव्हरकोटची बटणं लावत काकू म्हणाल्या.

झेनोनराव इमारत समितीचे अध्यक्ष. त्यांनी तळघरात मोठा पंप बसवला. झालं! त्यांच्याकडे आणखी उकडायला लागलं आणि काकूंचा रेडिएटर नुसताच गुरगुरायला लागला.

सणाच्या जेवणाला कार्प मासा हवाच, आणि तोही दोन दिवस आधी जिवंत आणून आंघोळीच्या टबात सोडलेला. झेनोनरावांचा मासा त्या उकाड्यात तोंड वासून वर यायला लागला, तसे ते बादली घेऊन धापा टाकत चार जिने चढले.

"काकू, तुमचा टब मस्त गार असेल. ठेवू का?"

"ठेवा. माणसाला नाही तर माशाला तरी मानवू दे!"

ही बातमी फुटली आणि खालून आणखी पाच बादल्या आल्या. काकूंचा स्वतःचा धरून टबात सात मासे झाले. आता आंघोळ कुठं करायची? वैतागून काकूंनी फ्लोरियान मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री झेनोनरावांना बरोबर घेऊन तळघरापासून प्रत्येक पाइपला हात लावत वर आले आणि टब बघून पोट धरून हसले.

"पंप काय करणार? पाणी महा आळशी. खालीच सोपी वाट मिळाल्यावर ते वर कशाला चढेल? झेनोनराव, तुमचे वॉल्व्ह निम्मे बंद करा."

"म्हणजे मी काकडून मरू?"

"अहो, खिडकी लावा की!" काकू कडाडल्या.

हे मात्र झेनोनरावांना कधी सुचलंच नव्हतं. मिस्त्रींनी वॉल्व्ह आवळले, काकूंच्या रेडिएटरमधली अडकलेली हवा सोडली आणि तासाभरात रेडिएटर असा तापला की काकूंनी त्याला चक्क गाल लावला. तेवढ्यात तापलेल्या न्हाणीघरातून फडफड ऐकू आली.

"धावा हो! मासे घाबरे झालेत!"

सगळे बादल्या घेऊन धावले. कुणाचा मासा कोणता, देव जाणे! सर्वांत मोठा आपलाच, असं झेनोनराव शपथेवर सांगत होते. हाताला लागला सर्वांत लहान. पण त्यांच्या निवलेल्या टबात तो मजेत पोहायला लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिशार्ड रिकामी बॅग घेऊन आला. आधी कोट उतरवला, मग स्वेटर. तो बॅगेत कोंबून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"आई, जरा खिडकी उघडू का गं?"

"खबरदार!" काकू म्हणाल्या. "चार जिने चढून आलीय ही ऊब."