बिनचूक प्रोग्राम

यंत्रापुढे हात टेकणाऱ्यांपैकी मी नव्हे, आधीच सांगून ठेवतो! दातांच्या दवाखान्यात कारकुनी करण्यात हयात गेली माझी. किडलं की उपटायचं, एवढं मला पक्कं कळतं.

आमचा दवाखाना सोमवारी नव्या जागेत जाणार होता. पेशंटना तसा निरोप गेला नाही, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसणार आणि मी डॉक्टरांच्या तोंडाकडे! लेकीने निरोप पाठवणारा छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. रविवारी दुपारी मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर लालभडक अक्षरं उमटली : 'चौथ्या ओळीत चूक. पेशंटची फाइल सापडत नाही.'

"अहो, सापडत नाही म्हणतंय तर शोधून द्या ना!" बायको म्हणाली.

"लाड नकोत! तक्रारी ऐकत बसलं की शेफारतात!"

चौथी ओळ खोडली. लगेच सहावीने गळा काढला : 'पेशंट म्हणजे काय, माहीत नाही.' घ्या! दवाखान्याचा प्रोग्राम आणि पेशंट माहीत नाही? तीही खोडली. मग आठवी कुरकुरली, मग दुसरी. मी काय सोडतोय! तासाभरात लाल अक्षर औषधालाही उरलं नाही. बटण दाबलं, पडदा एकदम गप्प!

मी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, फत्ते! एकही चूक नाही!"

सोमवारी छाती फुगवून नव्या दवाखान्यात गेलो, तर चिटपाखरू नाही. तेवढ्यात जुन्या जागेच्या वॉचमनचा फोन. "साहेब, सगळे पेशंट इथे जिन्यात बसलेत!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि आतून डॉक्टर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "रात्री नळ फुटला हो! आत तळं झालंय. आता पेशंटना काय तोंड दाखवू?"

"पेशंट... जुन्या जागीच आलेत, डॉक्टर."

"आणि जुनी खुर्ची अजून तिथेच आहे!" डॉक्टरांनी मला चक्क मिठी मारली. "तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"अनुभव असतो हो," मी म्हणालो. काय करणार, तोंडातून निघून गेलं!

दिवसभर माझा नुसता उदोउदो! संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या सोमवारी नक्की नव्या जागेत. निरोप तुमच्याच प्रोग्रामने पाठवा. एकही चूक नाही त्यात!"

घरी येऊन प्रोग्राम उघडला. पांढराशुभ्र. एक ओळ नाही.

"लेकीला फोन लावू?" बायकोने विचारलं.

"लाव," मी म्हणालो. "पण बोल तूच."