हरकत असल्यास कळवावे

पुंडलिकराव गेले आणि मागे लोहाऱ्याकडचा एक प्लॉट ठेवून गेले. वारस दोनच, पत्नी लीलाबाई आणि मुलगा कमलाकरराव. कमलाकररावांना तो आपल्या नावावर करून त्यावर घर बांधायचं होतं. नकाशाही काढून तयार होता.

"वकील करा नं. अनघाले सांगा," बायको रत्नप्रभा म्हणाली. अनघा तिच्या बहिणीची मुलगी, यवतमाळच्याच कोर्टात वकिली करणारी.

"मले वकील कायले पाहिजे? जिंदगीभर हापिसात लोकायचे अर्ज दुरुस्त केले म्या."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. त्यात 'मेहेरबान' इतक्यांदा आला, की तेच अर्जदाराचं आडनाव वाटावं. कोर्टाने जाहीर नोटीस छापायला सांगितली. ती मूळव्याधीच्या जाहिरातीखाली छापून आली. कमलाकररावांचं समाधान होईना. पेपर वाचतो कोण? गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता, अख्खा मोहल्ला तिथे. त्यांनी नोटिशीचं कात्रण नागोराव बुवांच्या हाती दिलं.

बुवांचा गळा असा, की त्यांनी वीजबिल वाचलं तरी माणूस हात जोडील. कथेला हात घालण्याआधी त्यांनी उपरणं सावरलं.

"कैलासवासी पुंडलिकरावांच्या मिळकतीबद्दल कोणाची हरकत असन, तं त्यानं ती मनात ठेवू नये. मनात हरकत ठेवून देवापुढं बसलं, तं टाळसुद्धा बेताल वाजते, माउली."

मृदंगावर थाप पडली, टाळकऱ्यांनी 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. सरकारी नोटिशीला असा ताल कधी लाभला नसेल. कमलाकररावांचे डोळे भरून आले. बायकांच्या बाजूला लीलाबाईही डोळे पुसत होत्या. बाबांची आठवण आली असेल, असं कमलाकररावांना वाटलं.

कोर्टाच्या तारखेला ते आईला ऑटोतून घेऊन निघाले. "माय, साहेब विचारतीन हरकत आहे का. तू फक्त 'नाही' म्हणजो."

साहेबांनी विचारलं, "आजी, प्लॉट मुलाच्या एकट्याच्या नावावर करायला तुमची हरकत आहे का?"

"हाये नं."

कमलाकरराव आईच्या कानाशी वाकले.

"माय, आपलं काय ठरलंतं?"

"तुहं ठरलंतं. बुवा म्हणले मनात ठेवू नये. म्या नाही ठेवली." लीलाबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, यानं घराच्या नकाशात समोरची खोली टीव्हीले काढली. अन् मले जिन्याखाली, पाण्याच्या मोटरीजोळ. माह्यं भजनी मंडळ कुठं बसवू? मोटरीवर?"

साहेबांनी हसू फायलीआड लपवलं. "समजुतीनं मिटवा. नाहीतर दोघंही वकील द्या."

"माहा वकील हाये," लीलाबाई म्हणाल्या.

मागच्या बाकावरून अनघा उठली. हातात वकीलपत्र, त्यावर लीलाबाईंची सही. "काकाजी, आजीनं देवळातूनच फोन केलता मले."

त्याच संध्याकाळी नकाशा बदलला आणि पुढच्या तारखेला हरकत मागे घेतली गेली.

आपण वकील केला नाही, हे कमलाकरराव आजही अभिमानाने सांगतात. सांगतात ते नव्या घराच्या जिन्याखालच्या खोलीतून, कारण टीव्ही आता तिथे आहे. समोर भजन रंगलेलं असतं. मध्येच मोटर सुरू होते आणि टीव्हीचं काही ऐकू येईनासं होतं. मग ते उठतात, पुढच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसतात आणि गुपचूप टाळ उचलतात.

हरकत कोणाचीच नसते.