देऊळकरांचं पॅकेज

माझी पत्नी गेली तेव्हा देऊळकर भेटायला आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "शोकरजा किती दिली?"

"तीन दिवस."

"मॅनेजर ग्रेडला सात आहे. तुम्ही भांडला नाहीत?"

मग पाणी प्यायले आणि गेले. जमलेले नातेवाईक एकमेकांकडे पाहत राहिले. मला मात्र त्या दिवसांत कानावर पडलेलं हे एकच वाक्य नीट समजलं होतं.

देऊळकर भोपाळमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या बिलिंगचे मॅनेजर. मी त्याच मजल्यावर जुन्या केसपेपरांच्या खोलीत. त्यांचं लहानपण बरखेड्याला, सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे घर, शाळा, दवाखाना, सगळं वडिलांच्या नोकरीबरोबर यायचं. त्यामुळे असेल, पगार हा त्यांना नोकरीतला सगळ्यात किरकोळ भाग वाटतो. "पगार काय, कुणीही देतं. वर काय देतात ते विचारावं." लग्नात आहेर देताना ते नवरदेवाच्या कानात विचारतात, "मेडिकल कव्हर आहे ना? आईवडिलांसकट?" जवाहर चौकातल्या भजीवाल्याला त्यांनी एकदा पेन्शनचं महत्त्व पटवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, चटनी और दूँ?"

काउंटरवर मात्र हा माणूस दगड. कुणी म्हणालं, "साहब, ये मेरे चाचा जैसे हैं," की देऊळकर कागद परत सरकवतात. "पॉलिसी में चाचा नहीं चलते, भैया. चाचा जैसे कहाँ से चलेंगे?"

आणि हेच देऊळकर दरवर्षी पगारवाढीच्या वेळी एकच मागणी करायचे: माझं फॅमिली कव्हर वाढवा. आईवडील कधीच गेलेले, लग्न केलेलं नाही. "साहब किसको कव्हर करेंगे?" कॅशियर तिवारी कँटीनमध्ये विचारायचा. "मोहल्ले की बिल्ली को?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

यंदा त्यांना बढती मिळाली. सीनियर मॅनेजर. बोलणी करायला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. "तुम्ही पुस्तकं वाचता. मी चिडलो तर थांबवा."

एचआरच्या सक्सेना मॅडमनी नवं पॅकेज वाचून दाखवलं: गाडी, पेट्रोल, मोबाइल, मोठी वाढ. देऊळकरांनी ऐकून घेतलं.

"ये सब रहने दीजिए. रफ़ीक को मेरे कव्हर में डाल दीजिए."

इतकी वर्षं ते कव्हर कुणासाठी मागत होते, ते तेव्हा मला कळलं. रफ़ीकभाई आमच्या जुन्या कँटीनचे आचारी. कँटीन ठेकेदाराला दिलं, त्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कव्हरही. तेव्हापासून ते अशोका गार्डनमध्ये देऊळकरांच्या घरीच राहतात. आता दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस देऊळकरांच्या पगारातून चाललंय आणि तो आता पुरत नाही.

"आपसे रिश्ता क्या लिखूँ, सर?" मॅडमनी हळूच विचारलं.

देऊळकर छताकडे पाहू लागले. भावासारखा, असं काहीतरी ओठांवर आलं असावं. पण तो 'सारखा' किती पोकळ आहे, हे भोपाळमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दोस्त का कॉलम नहीं है, सर."

"मालूम है." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच वळले. "मॅडम, कर्मचारी खुद तो पहले दिन से कव्हर होता है ना? पुरानी बीमारी के साथ?"

"होता है."

"तो उसे नौकरी पर रख लीजिए. काउंटरवर घाबरलेले नातेवाईक येतात…" घाईत ते मराठीत घसरले, मग परत हिंदीत आले. "उनको बिठाने वाला, समझाने वाला आदमी चाहिए. बैठे-बैठे का काम है. तनख़्वाह मेरी बढ़ोतरी से काट लीजिए."

मॅडमनी वर फोन लावला. बढतीच्या वाढीत एक आख्खा माणूस मिळतोय म्हटल्यावर वरचे लोक चटकन तयार झाले. अशा बाबतीत हॉस्पिटलचा हिशोब पक्का आहे.

जिन्यात देऊळकरांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला. मी म्हटलं तर उपकार समजून नाही म्हणेल. सांगा, हॉस्पिटलला गरज आहे."

फोन स्पीकरवर होता. मी सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आ तो जाऊँ, साहब," ते म्हणाले. "लेकिन देऊळकर साहब को मत बताइएगा कि मैंने पूछा… मैं सुबह निकल गया, तो उनका टिफ़िन कौन बनाएगा? वो तो भूखे ही चल देंगे."

मी देऊळकरांकडे पाहिलं. ते कठड्याला टेकून खाली पार्किंगमधल्या स्कूटरी पाहत होते. जरा वेळाने, माझ्याकडे न वळता, त्यांनी दोन बोटं वर केली.

"साहब कहते हैं," मी फोनवर म्हणालो, "दोनों साथ निकलेंगे. दो टिफ़िन बना लीजिए."