अमृतप्पांची पाठ

राजेश्वर गावी हावगेप्पांच्या ओसरीवर चहा पिऊन अमृतप्पा निघायला उठले आणि नेमकं त्याच वेळी हुमनाबादकडे जाणारी शेवटची मोटार गावाबाहेर टायर फुटून बसली. बातमी ऐकून चिटगुप्प्याच्या या आडत्याचा चेहरा पार उतरला. मुलासाठी, श्रीमंतसाठी, मुलगी बघून झाली होती, ‘कळवतो’ म्हणून झालं होतं, आता नुसतं सटकायचं राहिलं होतं.

चेहरा उतरायला कारण होतं. या मंडळींत एक जुनी रीत होती. मुलाच्या बापानं मुलीच्या घरी यावं, खावं, प्यावं, हवं तितकं बसावं. पण त्या घरात त्याची पाठ एकदा जमिनीला टेकली, की त्यानं शब्द दिला असं सगळे धरून चालत. मग ‘विचार करतो’ नाही की ‘पत्रिका बघतो’ नाही. अमृतप्पांच्या एका चुलत आज्याला तर मुलीच्या अंगणात भोवळ आली होती आणि तो उताणा पडला होता. पाणी शिंपडून त्याला शुद्धीवर आणलं, तोवर साखर वाटून झाली होती. लग्न मात्र चांगलं टिकलं.

अमृतप्पांना शब्द द्यायचा नव्हता. उद्या त्यांना दुसरी मुलगी बघायला मंठाळला जायचं होतं. तिथल्या मुलीच्या बापाच्या रानात दोन विहिरी होत्या, आणि अमृतप्पांचं मन कधीच त्या विहिरींच्या काठावर जाऊन बसलं होतं. राजेश्वरला ते आले ते निव्वळ जुन्या ओळखीचा मान राखायला. हावगेप्पांच्या चन्नम्मात नाव ठेवायला जागा नव्हती, हीच त्यांना खरी अडचण वाटत होती.

“ऱ्हावा की वो अण्णा आजची रात,” हावगेप्पा म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

“ऱ्हातो. पर मी बसूनच रात काढनार,” अमृतप्पांनी बजावलं. “मला तसंबी झोप न्हाई. तीन साल झाले.”

“कामून वो?” दाराआडून भागम्मांनी, हावगेप्पांच्या बायकोनं, विचारलं.

“रझाकाराच्या टायमाला रातभर दुकान राखत बसायचो. मागल्या दारानं कोन येतंय, म्होरल्या दारानं कोन येतंय. समदं निवळलं, पर माझा डोळा काय लागंना. हकीम झाला, वैद झाला. कुनाच्यानं न्हाई झालं.”

ही बढाई मारायची काही एक गरज नव्हती. पण आपल्या दुखण्याचा माणसाला अभिमान असतो, आणि अमृतप्पांना तर जरा जास्तच होता. भागम्मांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भागम्मांकडे पाहिलं. हकीम हरला तिथं आपण जिंकायचं, असं त्या बाईनं उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

जेवायला बसल्यावर अमृतप्पांना पहिली शंका आली. सकाळपासून घरात पुरणाचा वास सुटला होता आणि ताटात आल्या ज्वारीच्या कण्या आणि ताक.

“रातच्याला जड खाल्लं की झोप येत न्हाई अण्णा,” भागम्मा म्हणाल्या. “पोळ्या सकाळी खावा.”

“मला झोपायचंच न्हाई की वो.”

“व्हय व्हय. खावा तरी.”

हात धुऊन होताहेत तोवर पायांखाली कढत पाण्याचं घंगाळ आलं. पाहुण्याच्या पायांना पाणी द्यायचीच रीत. नको कसं म्हणायचं? अमृतप्पांनी पाय बुडवले आणि गुडघ्यापर्यंत काहीतरी सैल सैल व्हायला लागलं. त्यांनी घाईघाईनं पाय काढले, तर समोर शेजारचा पिराप्पा धनगर तेलाची बुधली आणि काशाची वाटी घेऊन हजर.

“पाय द्या अण्णा.”

“ऱ्हाऊ दे रं. कशाला तरास?”

“तरास कसला? भागाक्कानं बोलावलंय मला. वाटी काळी होईस्तोवर चोळायचं म्हनली. अंगातली समदी गरमी उतरत्या बगा.”

पिराप्पाचे हात मेंढरांची लोकर कातरून तयार झालेले होते. काशाची वाटी तळव्यावर गोल गोल फिरायला लागली तशी अमृतप्पांची मान छातीकडे झुकायला लागली. त्यांनी मांडीला चिमटा घेतला आणि मनातल्या मनात तुरीचे भाव म्हणायला सुरुवात केली. रोजच्या सवयीचे भाव. पण निम्म्यातच त्यांची गल्लत झाली आणि तूर करडईच्या दरानं विकली गेली.

पुढे दूध आलं. त्यात जायफळ उगाळलेलं, खसखस वाटून घातलेली. अमृतप्पांनी वास ओळखला. चिटगुप्प्याच्या हकिमानंही हेच दिलं होतं, पण ते त्यांनी हिशेब करता करता, डोक्याला ताप करून घेत प्यायलं होतं. इथं नाही म्हणावं, तर मुलीच्या घरचं दूध परत केलं असा बोभाटा होणार, आणि तो मंठाळपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. मिटलेले डोळे उघडताना मात्र बरेच कष्ट पडले.

“कंदील बारीक कर गं चन्ना,” भागम्मांचा आवाज आला. “उजेड डोळ्यात जायलाय अण्णांच्या.”

चन्नम्मानं कंदील बारीक केला. जाता जाता ती थबकली. पाहुणा ज्वारीच्या पोत्यावर ताठ बसून स्वतःच्या कानाची पाळी ओढत होता. तिला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी वाईटही वाटलं.

एवढं होऊनही अमृतप्पा टिकले होते. पण शेवटी हावगेप्पा येऊन शेजारी बसले आणि त्यांनी आपल्या वरल्या रानातल्या बांधाचं भांडण सांगायला घेतलं. बांध आज्यापासूनचा. आज्याचा भाऊ म्हणाला बांध इकडं, आज्या म्हणाला बांध तिकडं. मग एक बाभळ आली. ती बाभळ कुणाची, हे सांगायला हावगेप्पा पुन्हा पणज्यापर्यंत मागे गेले. गावात कुणी हे भांडण शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. अमृतप्पांनीही ऐकलं नाही.

त्यांना जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. डोकं हलकं होतं, डोळ्यांत रोजची वाळू नव्हती, आणि कुठेतरी पोळी भाजल्याचा वास येत होता. तीन वर्षांत अशी सकाळ त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना इतकं बरं वाटलं, की ते मनापासून हसले. मग समोर अंगणात जमलेलं निम्मं गाव दिसलं आणि हसू जागच्या जागी थिजलं.

“झोपले! अण्णा झोपले!” पिराप्पा ओरडला. “म्या सोता घोरनं ऐकलं!”

हावगेप्पांच्या हातात साखरेची परात होती. “सोयरे, तोंड गोड करा.”

गेल्या मंठाळच्या विहिरी, अमृतप्पांच्या मनात आलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

“अप्पा, परात खाली ठेवा. त्यांची पाठ टेकली न्हाई.”

चन्नम्मा दारात उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. सगळ्यांनी पाहुण्याकडे नीट पाहिलं. अमृतप्पा बसलेलेच होते. दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती ओढून लावलेली, आणि पुढे मांडीवर भला मोठा लोड. त्या लोडावर डोकं टेकून त्यांनी रात्र काढली होती.

“चन्ना!” भागम्मा ओरडल्या. “हे काय करून ठेवलंस?”

“ते कलंडायलते,” चन्नम्मा म्हणाली. “एका बाजूनं सावरलं तर दुसऱ्या बाजूनं कलंडायचे. म्हनून पोती लावली, अन् रातभर धरून बसले. झोपंत पाडून सून करून घ्यायला लावली, असं जनमभर कोन ऐकून घेनार? तुम्ही न्हाई, मीच की!” मग ती अमृतप्पांकडे वळली. “जावा खुशाल. कुनी काई म्हननार न्हाई.”

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. टायर बसवून झाला होता.

अमृतप्पा उठले. पटका बांधला, पायांत जोडे घातले. हावगेप्पांना मान वर करवेना. अमृतप्पा दोन पावलं चालले आणि थांबले. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण ज्या पोरीला आपण नको म्हणणार होतो, तिनं आपल्याला रात्रभर पडू दिलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यातून आज त्यांची झोप झालेली होती, आणि झोप झालेल्या माणसाला विहिरी जरा लांबच दिसतात.

त्यांनी जोडे काढले.

“पिराप्पा, घोंगडी हाय का रं तुज्याकडं?”

पिराप्पानं खांद्यावरची घोंगडी काढून दिली. अमृतप्पांनी ती भर अंगणात अंथरली आणि सगळ्या गावादेखत तिच्यावर उताणे झाले.

“हावगेप्पा, नीट बगा. टेकली का?”

“टेकली!” हावगेप्पांचा आवाज फुटला.

“दोन्ही खांदे?”

“दोन्ही, दोन्ही!”

“मग आमच्या श्रीमंतला ही पोरगी ठरली,” अमृतप्पा म्हणाले, आणि उठायचं म्हणून त्यांनी जरा दम घेतला. घोंगडी उबदार होती. ऊन कोवळं होतं. तो दम जरा लांबला.

मोटार भोंगा वाजवून वाजवून निघून गेली. भागम्मा साखरेची परात घेऊन पुढे आल्या, तर व्याही घोरत होते. चन्नम्माला हाक मारायला आत गेल्या, तर तीही चुलीशेजारी पोत्यावर डोकं ठेवून गाढ झोपलेली. त्या परात घेऊन पुन्हा बाहेर आल्या आणि जमलेल्या गावाला त्यांनी हळू आवाजात विचारलं, “आता उठवायचा उपाव कुनाला ठाव हाय का वो?”